काळजीचा आजार होतो तेव्हा

पेरणी उरकली आणि पावसाने ओढ दिली, की शेतकऱ्याला काळजी लागते. मार्चअखेरीस हिशेबातील चार रुपये जुळेनात, की लेखापालाची झोप उडते. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. ही काळजी स्वाभाविक आहे. इतकेच नव्हे, तर ती उपकारकही आहे. तिच्यामुळेच शेतकरी दुबार पेरणीची तजवीज करून ठेवतो, लेखापाल वह्या पुन्हा तपासतो आणि विद्यार्थी पहाटे उठून पुस्तक उघडतो. ज्याला कशाचीच काळजी वाटत नाही, अशा माणसाच्या हाती गावाचा कारभार कोणी सोपविणार नाही. परंतु पाऊस पडून गेला, हिशेब जुळले, परीक्षाही पार पडली, तरी काळजी जागची हलत नाही; उलट ती नवनवी निमित्ते शोधू लागते आणि झोप, भूक व कामधंदा यांवर अंमल बसविते, तेव्हा तिला माणसाचा स्वभाव म्हणून सोडून देणे योग्य नव्हे. वैद्यकशास्त्र या अवस्थेला चिंताविकार म्हणते. हा विकार बहुतांशी उपचारांनी आटोक्यात येतो, ही गोष्ट मात्र अजून फार थोड्यांना ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता आणि अशा चार रुग्णांपैकी साधारण एकालाच काही उपचार मिळत होते. आपल्या देशात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष येथील परिस्थितीचा अंदाज घेण्यास उपयोगी पडतात. चिंता व ताणाशी निगडित विकारांचे प्रमाण दर शंभर प्रौढांमागे सुमारे साडेतीन असल्याचे या पाहणीत आढळले. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपासून वंचित होते.

हे आकडे गावाच्या मापाने मोजून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ ध्यानी येतो. ज्या गावात दोन हजार प्रौढ माणसे आहेत, तेथे या हिशेबाने सत्तर जणांना असा विकार असू शकेल आणि त्यांतील साठ जण कोणताही उपचार न घेता दिवस ढकलीत असतील. प्रत्येक गावी प्रमाण तंतोतंत असेच असेल असे नाही. परंतु गावात एकही रुग्ण नाही, असे जे सर्रास सांगितले जाते, ते खरे नसते एवढे यावरून निश्चित समजावे.

दुखणे छातीचे, मूळ भीतीचे

हे रुग्ण दिसत का नाहीत? याचे एक कारण असे, की ते स्वतःला मनाचे रुग्ण समजतच नाहीत. मराठी भाषेने भीतीचे वर्णन पूर्वापार शरीराच्याच शब्दांत केले आहे. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, पायांतले बळ जाते. भाषेचे हे निरीक्षण शास्त्रशुद्ध आहे. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. अॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. समोर साप असेल तर ही सज्जता प्राण वाचविते. चिंताविकारात मात्र साप नसताना हीच सज्जता होते, आणि रुग्णाला वाटते की आपल्याला हृदयविकाराचा झटका आला आहे.

उदाहरणादाखल एका ग्रामसेवकाची कल्पना करावी. तालुक्याच्या आढावा बैठकीत अहवाल वाचताना त्याला एकाएकी दरदरून घाम फुटतो, छाती आवळल्यासारखी होते, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपण येथेच कोसळणार असे वाटते. वैद्यकीय परिभाषेत हा भीतीचा झटका होय. तो बहुधा दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि अर्ध्याएक तासात ओसरतो. त्याने मृत्यू येत नाही. पण ज्याने तो अनुभवला, त्याला हे सांगून पटत नाही. ग्रामसेवक दवाखान्यात जातो; हृदयाचा आलेख काढला जातो, तो निर्दोष येतो. "तुम्हाला काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका," असे सांगून त्याला घरी पाठविले जाते. हे वाक्य हेतूने चांगले असले तरी उपचार म्हणून निरुपयोगी आहे. त्या मनुष्याला निश्चितपणे काहीतरी झालेले असते. ते हृदयाला झालेले नसते, इतकेच.

यानंतर खरा आजार मूळ धरतो. पुढील बैठकीच्या चार दिवस आधीपासून त्याला धास्ती वाटू लागते. तो रजेचा अर्ज टाकतो. अर्ज टाकताच त्याला हायसे वाटते, आणि या सुटकेतच पुढील संकटाचे बीज असते. बैठक टाळल्यामुळे आपण वाचलो, असा धडा मन घेते. मग तालुक्याची बैठक टळते, नंतर ग्रामसभा, नंतर बसचा प्रवास, आणि काही महिन्यांत तो घर व कार्यालय यांपलीकडे जाईनासा होतो. रजेच्या अर्जावर कारण कंबरदुखीचे लिहिलेले असते. चिंताविकार असे कारण लिहिलेले अर्ज क्वचितच आढळतात, यावरून हा आजार दुर्मिळ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. तो लपविला जातो, एवढाच निघतो.

सर्वच चिंताविकारांत असे झटके येतात असे नाही. काहींना सहा सहा महिने आणि त्याहूनही अधिक काळ प्रत्येक गोष्टीची अखंड काळजी वाटत राहते. झोप लागत नाही, मान व खांदे आखडतात, चिडचिड वाढते. काहींना चारचौघांत बोलण्याची, खाण्याची, सही करण्याचीही भीती वाटते. काहींची भीती एखाद्या वस्तूपुरती वा प्रसंगापुरती मर्यादित असते. अनुवंशिकता, बालपणीचे आघात, दीर्घकाळची अनिश्चितता, कर्ज, घरातील छळ अशी अनेक कारणे एकत्र येऊन हा विकार उद्भवतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. कंठस्थ ग्रंथीचा विकार आणि रक्तक्षय यांतही धडधड व अस्वस्थता जाणवते. म्हणून छातीत प्रथमच दुखू लागल्यास वा धडधड वाढल्यास शरीराची तपासणी आधी करून घेतलीच पाहिजे. अतिरिक्त चहा आणि तंबाखू यांनी अस्वस्थतेत भर पडते. दारूचा प्रकार अधिक फसवा आहे. ती संध्याकाळी भीती शमविते आणि सकाळी दुपटीने परत आणून देते.

उपचाराचे दोन मार्ग

मनाच्या आजारावर इलाज म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, ही समजूत जुनी असली तरी तिला छेद देणारी व्यवस्थाही तितकीच जुनी आहे. कलकत्त्यात १९३३ मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला होता. ताप-खोकल्याचा रुग्ण ज्या दाराने जातो, त्याच दाराने मनाच्या रुग्णानेही जावे, हे त्यामागील तत्त्व होते. मुंबईच्याच के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पातंजल योगातील संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती चिंताग्रस्त रुग्णांवर वापरून तिचे परिणाम शास्त्रीय कसोट्यांवर तपासले. योगाभ्यासाचा गौरव सर्वत्र होतो; त्याची अशी परीक्षा घेण्याचे कष्ट मात्र थोड्यांनीच घेतले.

आज चिंताविकारावर ज्यांची उपयुक्तता सर्वाधिक सिद्ध झाली आहे, असे मार्ग दोन आहेत : विचार व वर्तन यांवरील मानसोपचार आणि औषधे. कित्येकांना पहिल्याने भागते, काहींना दोन्हींची गरज पडते.

मानसोपचार म्हणजे उपदेश नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. त्याचे स्वरूप बरेचसे शिकवणीसारखे असते. वर उल्लेखिलेल्या ग्रामसेवकाच्या मनात "माझा आवाज कापला तर सारे हसतील आणि माझी किंमत जाईल" असा विचार पक्का बसलेला असतो. उपचारक हा विचार कागदावर लिहून घेतो आणि त्याच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा पुरावा मागतो. आजवर किती बैठकांत कोणाचा आवाज कापला? तेव्हा कोण हसले? हसले असल्यास पुढे काय झाले? अमेरिकेत अॅल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. मराठी वाचकांपर्यंत एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी नेण्याचे श्रेय मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनाला व प्रशिक्षणाला जाते.

परंतु केवळ विचार बदलून भागत नाही. पाय उचलावे लागतात. भीतीच्या प्रसंगांची एक शिडी तयार केली जाते. पहिल्या दिवशी ग्रामसेवकाने पंचायत समितीच्या इमारतीपर्यंत जाऊन तेथे थांबायचे. नंतर रिकाम्या सभागृहात अर्धा तास बसायचे. मग एखाद्या लहान बैठकीत मागच्या रांगेत बसायचे, पुढे एक प्रश्न विचारायचा, आणि शेवटी अहवाल वाचायचा. प्रत्येक पायरीवर भीती वाढेल; ती आपणहून उतरेपर्यंत तेथून निघायचे नाही, एवढीच अट. अर्ध्यातून निघाल्यास मन पुन्हा पळण्याचाच धडा घेते. खिशात गोळी बाळगणे, दाराजवळचीच खुर्ची धरणे, सोबतीला कोणीतरी नेणे, हे आधारही क्रमाक्रमाने सोडावे लागतात. स्वतः एलिस हे तरुणपणी अतिशय भिडस्त होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील एका वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला आणि महिन्याभरात शंभरजणींशी संभाषण केले. त्यातून एकही मैत्री जुळली नाही. परंतु कोणी त्यांना मारले नाही की पोलिसांना बोलाविले नाही, आणि बोलण्याची भीती मात्र गेली, असे ते पुढे सांगत असत.

या उपचाराच्या साधारणतः आठ ते पंधरा बैठका होतात. सोबत श्वासाचा अभ्यास शिकविला जातो. झटक्याच्या वेळी श्वास फार जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते व त्यामुळेच बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. श्वास सावकाश सोडल्यास हे कमी होते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सल्ला पूर्वी दिला जात असे. हृदय वा फुप्फुसाचा खरा आजार असल्यास तो धोकादायक ठरू शकतो, म्हणून आता तो दिला जात नाही.

औषधांविषयी गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. एका बाजूला सर्व गोळ्या गुंगीच्याच असतात असा समज, तर दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची गोळी आपल्यालाही चालेल असा विश्वास. प्रत्यक्षात या गोळ्यांचे दोन निराळे वर्ग आहेत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या वर्गातील औषधे प्रथम पसंतीची मानली जातात. त्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता किंचित वाढूही शकते. नेमक्या याच आठवड्यात अनेक रुग्ण औषध टाकून देतात, कारण असे होईल हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी दोन मिनिटे अधिक दिली, तर हे टळेल. बरे वाटू लागल्यावरही हे औषध बहुधा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते, आणि थांबविताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम यांचा वर्ग वेगळा. त्यांनी अर्ध्या-एक तासात आराम पडतो, आणि हाच त्यांचा धोका. थोड्या आठवड्यांपलीकडे ती घेत राहिल्यास शरीराला त्यांची सवय जडते, तीच गोळी पुरेनाशी होते आणि एकदम बंद केल्यास मूळची भीती अधिक जोराने उसळते. दारूबरोबर तर ती जिवावर बेतू शकतात. चिठ्ठीशिवाय या गोळ्या देऊ नयेत आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी, असा नियम आहे. जुनी, फाटकी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे झोपेची गोळी नेणारी वृद्ध माणसे ज्या गावात आहेत, तेथे हा नियम कागदावरच राहिला आहे असे समजावे.

गोव्यातील प्रयोग

मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि तेही शहरांत. मग खेड्यातील रुग्णाने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात शोधले गेले. तेथील संगाथ या संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग केला. बारा शासकीय आरोग्य केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने यांत तो राबविण्यात आला. निम्म्या ठिकाणी आरोग्य क्षेत्राचा पूर्वानुभव नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले गेले. त्या रुग्णाला आजाराची माहिती देत, श्वसन व योगाचे साधे प्रकार शिकवीत आणि अडचणींवर बोलत. गरजेप्रमाणे केंद्रातील डॉक्टर औषध देत आणि मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून देखरेख करीत. नैराश्य व चिंता यांचे सुमारे २,८०० रुग्ण या अभ्यासात होते आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विकाराचे पक्के निदान झालेल्या रुग्णांचा विचार करता, ज्या शासकीय केंद्रांत समुपदेशक होत्या तेथे सहा महिन्यांत जवळजवळ ६६ टक्के बरे झाले. जेथे त्या नव्हत्या तेथे हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते.

खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथे दोन्हीकडे साधारण ६५ टक्के रुग्ण बरे झाले. घरोब्याचा डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याचे ऐकून घेतो आणि पुन्हा पुन्हा भेटतो. समुपदेशकाचे काम तेथे काही अंशी आधीच होत असावे, असे याचे एक स्पष्टीकरण देता येते. शासकीय केंद्रात रांग मोठी व वेळ अपुरा. तेथे ऐकून घेणारे एक माणूस वाढले, तर किती फरक पडतो याची मोजदाद या प्रयोगाने करून दिली. पदनिर्मितीचे प्रस्ताव तपासणाऱ्यांनी हे आकडे जवळ ठेवण्यासारखे आहेत.

महाराष्ट्रातील सोय

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला आणि कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची आखणी झाली. त्याअन्वये जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी होते. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत जाण्याची गरज चिंताविकाराच्या रुग्णाला सहसा पडत नाही, हे गावकऱ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. कारण त्या नावांच्या धसक्यानेच पुष्कळजण जिल्हा रुग्णालयाचीही पायरी चढत नाहीत. विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ मध्ये 'प्रेरणा' प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी शेतकरी कुटुंबांना भेटी देऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने मनावरील ताण ओळखावा आणि गरजूंना पुढे पाठवावे, अशी योजना होती.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने तर हा विषय दयेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आणला. शासन चालवीत असलेल्या वा शासनाच्या निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क त्याच्या १८ व्या कलमात आहे. शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांचाही विमा उतरविला जावा असे २१ वे कलम सांगते, आणि रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन २३ व्या कलमात आहे. कार्यालयप्रमुखांनी या शेवटच्या कलमाचे स्मरण विशेष ठेवावे. कर्मचाऱ्याच्या आजाराची चर्चा चहाच्या टपरीवर पोहोचली, की दुसरा कर्मचारी आपला आजार आयुष्यभर लपवितो.

भूतबाधा समजून रुग्णाला मांत्रिकाकडे नेण्याचे प्रकार अद्याप घडतात. भूत उतरविण्याच्या मिषाने मारहाण करणे, दोराने वा साखळीने बांधून ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे. मात्र जो रुग्ण देवळात बसून शांत होतो, त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. त्याचे देऊळही चालू राहावे आणि औषधही.

शिक्षकांचे स्थान यात महत्त्वाचे आहे, कारण चिंताविकारांची सुरुवात बहुधा शालेय वयातच होते. दर सोमवारी पोट दुखणारे, फळ्यापाशी बोलाविताच थरथरणारे, उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल खोडकर नसल्याने कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याला सर्वांसमोर उभे करून धीट बनविण्याचा प्रयत्न उलटतो. आणि त्याला कधीच न विचारणे, ही वरवरची दयाही उलटते. प्रथम एकट्याने, मग दोन मित्रांसमोर, मग वर्गासमोर, ही शिडी शिक्षकालाही बांधता येते. घरच्यांनाही हेच लागू आहे. भित्र्या माणसाची सर्व कामे प्रेमापोटी आपण करून टाकणे म्हणजे त्याची भीती जोपासणे होय.

उपचारांनंतर काळजी समूळ नाहीशी होते असे नाही. घरात आजारपण आले, नापिकी झाली, बदली झाली, की ती पुन्हा डोके वर काढू शकते. अशा वेळी सारे व्यर्थ गेले असे मानण्याचे कारण नसते. शिकलेली शिडी पुन्हा लावायची असते, आणि दुसऱ्या खेपेस ती चढण्यास पहिल्याइतका वेळ सहसा लागत नाही.

ज्यांना दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटतो किंवा जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा असून ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठीतूनही बोलता येते. प्रथम समुपदेशक बोलतो आणि गरज भासल्यास तज्ज्ञाशी जोडून देतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर, लसीकरणाच्या तारखांशेजारी, हा पाच आकडी क्रमांक लिहिण्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.